मराठी चित्रपटाचे तंत्र स्वस्त झाले, तरी निर्मात्याच्या हाती पैसा का उरत नाही?

हिंजवडीत संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने तीन मित्रांना सोबत घेऊन पुण्यातच एक मराठी चित्रपट पूर्ण करत आणला आहे. कॅमेरा भाड्याचा होता, संकलन घरच्या संगणकावर झाले आणि रंगसंस्कार ज्या सॉफ्टवेअरवर झाले त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते. त्याने विचारले आहे की, तंत्रज्ञानाने चित्रपट करणे इतके सोपे केले असताना ओळखीतला प्रत्येक निर्माता तोट्यातच का असतो, आणि हाती उरलेले काही लाख रुपये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांवर घालावेत, प्रसिद्धीवर घालावेत की आणखी कशावर.

मी सत्तावीस वर्षे पुण्यात ध्वनिमिश्रण आणि पोस्ट-प्रॉडक्शनचे काम करतो. निर्माता नसल्यामुळे स्वतःचे पैसे बुडाल्याचा अनुभव मला नाही; मात्र इतरांचे कसे बुडाले हे शेवटच्या टेबलावर बसून पुष्कळ पाहिले आहे. माझ्या मते पैसा नाहीसा झालेला नाही, तो अडण्याची जागा बदलली आहे. पूर्वी तो वस्तूपाशी अडत असे: कच्ची फिल्म, प्रयोगशाळा, प्रिंट. आता तो खेळाच्या वेळेपाशी, सर्व्हरच्या किल्लीपाशी आणि करारातल्या एखाद्या ओळीपाशी अडतो. तुमच्यासारखे नवे निर्माते पहिल्या प्रकारच्या खर्चातून सुटल्याच्या आनंदात असतात आणि दुसऱ्या प्रकारचा खर्च त्यांच्या अंदाजपत्रकात लिहिलेलाच नसतो.

पस्तीस मिलिमीटरच्या प्रिंटचा हिशेब आधी पाहू. सेकंदाला २४ चौकटी आणि फुटाला १६ चौकटी म्हणजे मिनिटाला ९० फूट, आणि दोन तासांच्या चित्रपटाला १०,८०० फूट. हजार फुटांच्या रिळांत मोजले तर जवळजवळ अकरा रिळे होतात. ती पत्र्याच्या पेट्यांत भरून एसटीने किंवा रेल्वेच्या पार्सलने गावोगावी जात. मी या धंद्यात आलो तेव्हा एका प्रिंटला पन्नास हजारांच्या पुढे खर्च येई, त्यामुळे बेताच्या ऐपतीचा मराठी निर्माता दहा-बारा प्रिंटच काढी. त्या आधी पुण्या-मुंबईत लागत, तिथून उतरल्या की कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे जात, नंतर तालुक्याच्या गावी, आणि अखेरीस चरे पडलेल्या, जागोजागी जोडलेल्या अवस्थेत जत्रांतल्या तंबूंत पोहोचत.

या टंचाईबद्दल आम्ही तेव्हा सतत कुरकुर करत असू. पण तिने एक गोष्ट आपोआप दिली होती, आणि ती म्हणजे वेळ. पुण्यात चित्रपट तिसऱ्या आठवड्यात असे तेव्हा साताऱ्यात तो अजून लागायचाच असे, आणि पुण्यातल्या मावशीने साताऱ्याच्या भाचीला ‘चुकवू नकोस’ असे सांगायला मधले दिवस मिळत. वितरकालाही पहिल्या केंद्रांवरचा प्रतिसाद बघून पुढच्या केंद्रांचा सौदा ठरवता येई. तोंडी प्रसिद्धी फुकट असते, परंतु तिला पसरायला दिवस लागतात. प्रिंटच्या कमतरतेने ते दिवस राखून ठेवले होते, याची जाणीव आम्हाला प्रिंट गेल्यावर झाली.

हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून डिजिटल सिनेमाचे तपशीलवार मानक २००५ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडे त्याच सुमारास उपग्रहावरून चित्रपट थेट चित्रगृहाच्या सर्व्हरवर उतरवण्याची त्याहून स्वस्त पद्धत सुरू झाली, आणि तिच्यामुळेच तालुक्याच्या गावातल्या एकपडदा चित्रगृहांना पहिल्याच शुक्रवारी नवा चित्रपट मिळू लागला. ही मोठी सोय होती आणि मी तिच्या विरोधात नाही. पण तिची दुसरी बाजू अशी की, आता चित्रपट एकाच शुक्रवारी दोनशे-तीनशे पडद्यांवर लागतो आणि त्याचा निकाल रविवारी रात्री लागलेला असतो. सोमवारी सकाळी बहुपडदा चित्रगृहाच्या नियोजन विभागात बसलेल्या माणसापुढे शुक्रवार ते रविवारची भरलेल्या खुर्च्यांची टक्केवारी असते. सर्व्हरवर दुसरा चित्रपट तयारच असतो. पूर्वी चित्रपट उतरवायचा म्हणजे पेट्या हलवाव्या लागत. आता एका कळीवर खेळ बदलतो. साताऱ्याच्या भाचीला मावशीचा फोन जाईपर्यंत खेळ सकाळी दहाचा किंवा रात्री पावणेअकराचा होऊन बसलेला असतो.

राज्य शासनाने २०१५ मध्ये बहुपडदा चित्रगृहांना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन घातले, त्याचा आधार तुम्ही धरून असाल. बंधन मराठी चित्रपटासाठी आहे, तुमच्या चित्रपटासाठी नाही, इतके लक्षात ठेवा. त्याच आठवड्यात आणखी तीन मराठी चित्रपट लागत असतील तर ती वेळ त्यांच्यापैकी कोणाला मिळेल हे पुन्हा टक्केवारीच ठरवते.

तिकिटातून निर्मात्याच्या हाती काय येते, हे प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावे. १८० रुपयांचे तिकीट धरा. शंभर रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे (शंभर व त्याखालच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के), म्हणजे कर वजा जाता सुमारे १५२ रुपये उरले. बहुपडदा चित्रगृहे आणि हिंदी निर्माते यांच्यात २००९ मध्ये संप मिटताना जे सूत्र ठरले त्यात वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० असा होता. तुम्हाला पहिल्या आठवड्याचे ५० टक्के मिळाले असे मानू: ७६ रुपये. वितरकाचे कमिशन समजा १५ टक्के, उरले ६५ रुपये. दहा हजार माणसांनी तिकीट काढून चित्रपट पाहिला तर साडेसहा लाख होतात, आणि पुण्या-मुंबईतले फलक, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती व समाजमाध्यमांवरची प्रसिद्धी यांचा खर्च अजून वजा व्हायचा आहे. हे सूत्र पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. ते पहिल्या आठवड्याला झुकते माप देते, म्हणजे हळूहळू चालणाऱ्या चित्रपटाला प्रेक्षक मिळाले तरी निर्मात्याचा वाटा तोपर्यंत घटलेला असतो.

याच्या जोडीला आभासी प्रिंट शुल्क आहे. कल्पना मुळात न्याय्य होती. प्रिंट न काढल्यामुळे निर्मात्याचे जे पैसे वाचतात त्यांतला काही भाग त्याने प्रोजेक्टर बसवणाऱ्याला काही वर्षे द्यावा, म्हणजे यंत्राचा खर्च फिटेल. अडचण अशी झाली की यंत्राचा खर्च फिटण्याची ‘काही वर्षे’ आपल्याकडे संपेनात. याच शुल्कावरून मार्च २०१८ मध्ये तमिळ निर्मात्यांनी नवे चित्रपट प्रदर्शित करणेच थांबवले होते. मराठी निर्माता इतका संघटित नाही. तो बिल भरतो आणि माझ्याकडे मिश्रणाचे पैसे कमी करायला येतो.

किल्लीचा उल्लेख मी वर केला, तो शब्दशः आहे. डिजिटल प्रिंट कुलूपबंद असते. ती उघडणारी किल्ली म्हणजे एक लहानशी फाइल. ती विशिष्ट सर्व्हरसाठी आणि विशिष्ट तारीख-वेळेपुरतीच बनवलेली असते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका चित्रपटाचा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावी सकाळी पावणेदहाचा पहिला खेळ होता. त्या चित्रगृहाने महिन्यापूर्वी सर्व्हर बदलला होता आणि आम्ही जुन्या यादीवरून किल्ल्या पाठवल्या होत्या. यादी पुन्हा तपासून घेण्याचे काम माझे होते, ते मी केले नव्हते. ऑपरेटरने लाल अक्षरांतल्या सूचनेचा फोटो पाठवला. नवी किल्ली बनून पोहोचेपर्यंत सव्वाअकरा वाजले आणि जमलेले चाळीसेक लोक पैसे परत घेऊन गेले. रीळ तुटले असते तर त्याच ऑपरेटरने चिकटपट्टी लावून पाच मिनिटांत खेळ पुढे चालवला असता. तेव्हापासून मी प्रदर्शनाच्या आधीच्या बुधवारी प्रत्येक चित्रगृहाला फोन करवतो, आणि हे काम निर्मिती-सहायकावर सोपवत नाही.

आता ओटीटीकडे वळू. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आले, जिओची सेवा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झाली आणि प्राइम व्हिडिओ डिसेंबरमध्ये. एका वर्षात स्वस्त डेटा आणि दोन श्रीमंत गिऱ्हाइके असा योग जुळला, पुढे टाळेबंदीत मागणी आणखी वाढली, आणि काही काळ ठरावीक रक्कम रोख मोजून चित्रपट विकत घेतले गेले. त्या काळातले आकडे ऐकून आजही लोक अंदाजपत्रके करतात, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. बऱ्याच मराठी चित्रपटांना आता ठरावीक रकमेऐवजी, जितके तास पाहिले जाईल तितके पैसे किंवा उत्पन्नातला वाटा असा प्रस्ताव मिळतो, आणि रक्कम ठरलीच तर ती चित्रगृहातल्या धंद्याशी बांधलेली असते. म्हणजे चित्रगृहात वेळ मिळाली नाही म्हणून पडलेला चित्रपट ओटीटीवरही त्याच आकड्याने मोजला जातो. गिऱ्हाइकेही कमी झाली आहेत. रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातले माध्यम-व्यवसाय नोव्हेंबर २०२४ मध्ये एकत्र आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झाले. विकणाऱ्याला पूर्वी दोन दारे होती, तिथे आता एक आहे.

फिक्की ही उद्योगांची संघटना आणि ईवाय ही सल्लागार संस्था यांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये डिजिटल माध्यमांचे उत्पन्न भारतात प्रथमच दूरचित्रवाणीच्या पुढे गेले. हे वाचून उत्साहित होण्याआधी हे पाहावे की, त्या डिजिटल उत्पन्नात फार मोठा भाग जाहिरातींचा आहे. तो पैसा लोकांचे लक्ष ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे जातो. चित्रपट तयार करणाऱ्याकडे त्यातले फारच थोडे वळते. यूट्यूब मोठ्या लांबीच्या चित्रफितींवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के वाहिनीच्या मालकाला देते, आणि म्हणूनच स्वतःची वाहिनी असलेली मराठी मंडळी तिथे टिकून काम करू शकली. परंतु तुमचा चित्रपट दुसऱ्याच्या वाहिनीवर असेल तर ते ५५ टक्के त्याचे असतात, आणि तुमच्या वाट्याला काय येते ते तुमच्या कराराने ठरते.

म्हणून उरलेल्या पैशातला पहिला खर्च वकिलावर करा, असे मी सांगेन. ‘आज ज्ञात असलेल्या आणि पुढे निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत, सर्व प्रदेशांसाठी, कायमस्वरूपी’ हे वाक्य प्रत्येक छापील करारात असते आणि चहा गार व्हायच्या आत त्यावर सही होते. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार, सही करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते करारात स्पष्ट नमूद केल्याशिवाय त्याचे हक्क हस्तांतरित होत नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता मानतो. याच दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना चित्रगृहाबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टीचा हक्क दिला आहे. त्यामुळे गाण्यांचे सर्व हक्क एकरकमी घेतले, असे तुम्ही समजत असाल तर करार पुन्हा वाचा. उपग्रह वाहिनी, ओटीटी, यूट्यूब, विमानातले प्रदर्शन, इतर भाषांतले डबिंग आणि पुनर्निर्मिती हे वेगवेगळे हक्क आहेत. एकाच माणसाला एकाच कागदावर ते सगळे देणाऱ्या निर्मात्यांची संख्या पाहून मला अजूनही आश्चर्य वाटते.

दुसरा खर्च माझ्या कामाचा आहे, त्यामुळे तो मी सुचवला तर स्वार्थ वाटेल, तरीही सांगतो. चित्रपटाच्या शेवटच्या मिश्रणाबरोबर संवाद वगळून केवळ संगीत आणि परिणामध्वनींचा वेगळा ट्रॅक तयार करून घ्या. दुसऱ्या भाषेत डबिंग करायचे तर त्याच्याशिवाय चालत नाही. तुमचे ध्वनिमुद्रण चित्रीकरणाच्या जागीच झालेले आहे, म्हणजे आईचा संवाद आणि तिने जमिनीवर सरकवलेला पाट हे एकाच मायक्रोफोनमध्ये आले आहेत. संवाद काढला की पाटाचा आवाजही जातो, आणि तेलुगू आई निःशब्द पाट सरकवते. तो पाट, ती कढईतली फोडणी, जिन्यावरच्या चपला, सगळे पुन्हा स्टुडिओत करून भरावे लागते. मिश्रण चालू असताना हे काम तीन-चार दिवसांचे असते. पाच वर्षांनी करायचे म्हटले तर पुन्हा सुरुवातीपासून.

आमच्याकडे २०११ साली झालेल्या एका चित्रपटाला दक्षिणेतून डबिंगची मागणी आली तेव्हा निर्मात्याजवळ फक्त अंतिम मिश्रण होते. आवाज वेगळे करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आम्ही वापरून पाहिली. शांत संगीतावरचे बोलणे त्यांनी स्वच्छ उचलले. पण चित्रपटातला महत्त्वाचा प्रसंग दिंडीतला होता, आणि तिथे टाळांचा घणघणाट आणि संवादातले ‘स’, ‘श’, ‘च’ एकमेकांत असे मिसळले होते की संवाद काढल्यावर टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे ऐकू येऊ लागले. दोन आठवडे झगडून आम्ही तो प्रसंग नव्याने ध्वनिमुद्रित केला. म्हणजे साधने कामाची आहेत, मी रोज वापरतो. पण आधी तीन-चार दिवसांत होणारे काम न केल्याची भरपाई ती पूर्ण करत नाहीत.

त्याच ओघात मिश्रणाबद्दल थोडेसे. चित्रगृहातल्या चहूबाजूंच्या स्पीकरांसाठी केलेले ५.१ मिश्रण जसेच्या तसे मोबाइलवर गेले तर कुजबुज ऐकू येत नाही आणि ढोल कानात बसतो. नेटफ्लिक्स संवादाची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) मागते. यूट्यूब साधारण उणे १४ च्या वर गेलेला आवाज स्वतःच खाली ओढते. दोन्हींसाठी वेगळी आवृत्ती लागते. बहुसंख्य प्रेक्षक तुमचा चित्रपट मोबाइलच्या स्पीकरवर, मागे कुकरची शिट्टी होत असताना ऐकणार आहेत, हे मला वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर मी धंदा बदलला असता.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर पैसे घालावेत का, याचे उत्तर मी ‘आत्ता नाही’ असे देईन, कारण ती साधने दर सहा महिन्यांनी स्वस्त होत आहेत आणि तुमचा चित्रपट तर तयार आहे. मात्र कलाकारांच्या करारात त्यांच्या आवाजाची व चेहऱ्याची यंत्राने नक्कल करण्याबद्दल स्पष्ट कलम घाला: परवानगी आहे की नाही, कोणत्या कामापुरती, आणि मोबदला किती. अमेरिकेत २०२३ मध्ये लेखक १४८ दिवस आणि अभिनेते ११८ दिवस संपावर होते, त्यात हा एक मुख्य मुद्दा होता. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. उद्या एखादा मंच तुमचा चित्रपट यंत्राच्या साहाय्याने हिंदीत आणायचे म्हणाला, तर तुमच्या नायिकेची लेखी संमती तुमच्याजवळ असायला हवी. मला खरी चिंता वेगळीच वाटते. आवाज आणि चित्र जुळवणे, संवाद उतरवून घेणे, उपशीर्षके करणे ही कामे आधी यंत्राकडे गेली, आणि पुण्यातली मुले या धंद्यात शिरत होती ती याच कामांच्या दारातून. माझी सुरुवातही तशीच झाली होती.

राहिला जतनाचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही. आपल्या शहरात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि प्रभात कंपनीने १९३६ मध्ये केलेला चित्रपट आजही पाहता येतो. फिल्म थंड, कोरड्या जागी पडून राहिली तरी पुष्कळ वर्षे टिकते. डिजिटल प्रत तशी पडून राहत नाही. एलटीओ टेपवर, म्हणजे संगणकीय माहिती साठवण्याच्या चुंबकीय फितीवर ठेवा, पण हेही जाणून ठेवा की आठव्या पिढीचे यंत्र फक्त सातव्या आणि आठव्या पिढीच्या टेप वाचते. म्हणजे काही वर्षांनी नव्या टेपवर उतरवण्याचा खर्च आलाच. दोन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवा, आणि वर्षातून एकदा दोन्ही लावून पाहा. माझ्या कपाटात २००८ साली झालेल्या एका चित्रपटाची हार्ड डिस्क आहे. तिची दुसरी प्रत कोणी केली नव्हती. लावली की आतून तीन वेळा टकटक आवाज येतो आणि ती बंद पडते. निर्माते आता सत्तरीचे आहेत. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो आणि नवे काही तंत्र निघाले का, असे ते विचारतात.